सुभद्राबाई, जन्म एक जून

१२ नोव्हेंबर २०१७, पिंपळगाव राजा

प्रसेनजितने पुण्याहून व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. खामगावच्या एका वाचक मंडळाने स्पर्धा ठेवली आहे. साहित्यातलं एक पात्र निवडायचं, ते आज फेसबुकवर असतं तर त्याचं पान कसं असतं याची कल्पना करायची आणि ते पान खरोखर तयार करून दाखवायचं. खाली चिरंजीवांची मल्लिनाथी: "बाबा, तुमचा वेळ जाईल." पोस्टमास्तरकीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून माझा वेळ कसा जाईल याची या घरात सगळ्यांना काळजी. माझी बायको बेबी रोज सकाळी वावरात निघताना विचारते, "येता काय?" मी म्हणतो, उद्या.

पात्र कोणतं, हा प्रश्नच नव्हता. बाकीचे स्पर्धक मोठमोठ्या लेखकांच्या दारात रांग लावतील. मी माझीच सुभद्राबाई घेणार. पुढेमागे ही डायरी कोणी वाचली तर कळावं म्हणून लिहितो: 'तिसरी वेचणी' ही माझी एकुलती एक कादंबरी १९९८ साली स्वखर्चाने निघाली. पाचशे प्रती छापल्या, त्यातल्या तीनशेवर अजून माळ्यावर पेटीत आहेत. वाचकाचं एकच पत्र आलं, आणि पोस्टमास्तर मीच असल्यामुळे त्यावर शिक्काही मलाच मारावा लागला. सुभद्राबाई तिची नायिका. नवरा सुरतेच्या गिरणीत आणि ही बाई पाच एकर कापूस एकटीच्या हिमतीवर करते. जिभेला अशी धार की गावातले बाप्ये वळसा घालून जातात. पूर्णपणे शून्यातून उभं केलेलं पात्र आहे. बीबी गावच्या पोस्टात बदली होती तेव्हा दुपारच्या निवांत वेळात लिहिली.

बेबीने ती अजून वाचलेली नाही. चौथी शिकलेली आहे, वाचता चांगलं येतं. पण "मले टाइम कुठी हाय" हे तिचं एकोणीस वर्षांचं उत्तर.

१३ नोव्हेंबर

बसस्टँडजवळ बशीरभाईंचं दुकान. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता मोबाइल. माझे तीस वर्षांचे दोस्त. त्यांनी खातं उघडायला घेतलं आणि पहिल्याच रकान्यात गाडी अडली.

"जनम तारीख बोलो मास्तर."

कादंबरीत सुभद्रेची जन्मतारीख नाही. मी म्हटलं, एक जून टाका. आमच्या पिढीत ज्याची तारीख आईबापाला सांगता आली नाही, त्याला गुरुजींनी शाळेत घालताना सरसकट एक जून चिकटवली. माझी तीच, बशीरभाईंची तीच. आमच्या खात्यात एकतीस मेला निम्मं ऑफिस निवृत्त व्हायचं आणि हारांचा तुटवडा पडायचा. साल १९६२ धरलं, म्हणजे कादंबरी आली तेव्हा बाई छत्तिशीच्या.

पुढे 'नातेसंबंध' आलं. विवाहित की गुंतागुंतीचे?

"मरद सूरत में है ना?" बशीरभाई म्हणाले. "मंग गुंतागुंतीचंच लिवा."

फोटोला कादंबरीचं मुखपृष्ठ लावलं. त्यावर नदीकाठी घागर घेतलेली बाई आहे. आमच्या कथेत ना नदी ना घागर, पण तेव्हा प्रेसवाल्याकडे तोच ठसा शिल्लक होता.

घरी येऊन बेबीला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. म्हणाली, "बासष्टची? म्हन्जे माह्याच जोडीची." मी म्हटलं, योगायोग.

१६ नोव्हेंबर

सुभद्राबाईंचे मित्र चार: मी, बशीरभाई, प्रसेनजित आणि दिल्लीचा एक गॉगल विकणारा. पहिली पोस्ट मी मन लावून लिहिली होती. 'धवल वसन ल्यालेली माझी काळी आई आज कोणती व्यथा उरी लपवून बसली आहे?' दोन लाईक आले. त्यातला एक माझा.

आज बेबीने फारच लावून धरलं म्हणून वावरात गेलो. विहिरीजवळच्या पाच एकरांत बीटी कापूस माझ्या छातीला लागत होता, बोंडं लगडलेली. मी मोबाइल काढून फोटो घेऊ लागलो, तर बेबी म्हणाली, "वरून काय पाहता? पोरगी पाहाले आले काय? फोडून पाहा." तिने एक हिरवं टणक बोंड तोडून अंगठ्याच्या नखाने उकललं. आत गुलाबी अळी. दुसरं उकललं, तिसरं उकललं. प्रत्येकात एकेक बाईसाहेब बसलेल्या. फुलं तर कित्येक उमललीच नव्हती, पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारखी झालेली. त्याला डोमकळी म्हणतात म्हणे. मी म्हटलं, अगं पण हे बीटी आहे, याला अळी लागत नाही, पाकिटावर लिहिलेलं असतं.

"पाकिटावरचं तुमी वाचलं," बेबी म्हणाली. "अळीले वाचता येत नाही."

तालुकाभर हीच बोंब आहे. वेचायला बाया येत नाहीत, कारण कवडी झालेला, म्हणजे बोंडातच चिकटून राहिलेला कापूस बोटांनी उकरून काढावा लागतो आणि दिवसभर उकरून कमरेला बांधलेली ओटी भरत नाही. मन उदास झालं. घरी येऊन चहा घेतला तेव्हा बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर

एकाएकी स्फुरलं. सुभद्राबाईंच्या नावाने लिहिलं, 'बोंड वरून काय पाहता? पोरगी पाहाले आले काय? फोडून पाहा. पाकिटावरचं तुमी वाचलं, अळीले वाचता येत नाही.' वऱ्हाडीत लिहावं की नाही अशी शंका होती, पण पात्र लेखकाचा हात धरून लिहून घेतं म्हणतात, तसं झालं.

२१ नोव्हेंबर

बशीरभाईंचा फोन: "मास्तर, तुमारी बाई तो चल पडी!" ती पोस्ट कापूसवाल्यांच्या कुठल्या कुठल्या गटांत फिरते आहे. एकशे ऐंशी मैत्रीच्या विनंत्या आल्या. बीबी, मेहकर, मोताळा, पार जालन्याकडचेही. लोक फोडलेल्या बोंडांचे फोटो टाकत आहेत. एकाने लिहिलं, 'सुभद्राबाई, तुमच्यासारखी बाई आमच्या घरात असती तर वावर वाचलं असतं.' मी बेबीला वाचून दाखवलं. ती पोळ्या करत होती. म्हणाली, "त्याच्या घरात असन. त्यानं इचारलं नसन."

हेही चांगलं आहे. टिपून ठेवलं.

२६ नोव्हेंबर

आज हसून हसून पोट दुखलं. आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून उकंडरावाचं वावर आहे. गृहस्थ असा की आयुष्यात बायकोचं सोडा, तलाठ्याचंही ऐकलं नाही. बेबी त्याला महिनाभर सांगते आहे की बोंडं फोडून बघा, डोमकळ्या तोडून जाळा. हा विड्या ओढत ऐकतो आणि पुढे जातो. आज तोच धुऱ्यावर उभा राहून बेबीला म्हणाला, "वयनी, तुमी फेसबुकवर सुभद्राबाईचं वाचत जा. लय हुशार बाई हाय. थे म्हनते, बोंड फोडून पाहा."

"अस्सं? अन् काय म्हनते?" बेबीने विचारलं.

उकंडरावाने बोट वर करून तिला सगळं सविस्तर समजावून सांगितलं, अगदी 'पोरगी पाहाले' सकट. बेबीने पदर तोंडाला लावून ऐकून घेतलं. मला सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हसण्याचंच. माझ्या लेखणीची ताकद पहिल्यांदाच तिला कळली असावी.

एक गंमत मात्र नोंदवतो. अलीकडे बेबीचं बोलणं थेट सुभद्रेसारखं होऊ लागलं आहे. पोस्टी ऐकून ऐकून परिणाम होतच असणार.

१ डिसेंबर

रोहिणखेडहून नूरजहां नावाच्या बाईचा मेसेज. नवरा ट्रकवर असतो, तीन एकर ती एकटीच पाहते. लिहिते, 'सुभद्राबाई, तुमी सांगसान थे करीन. फरदड ठेवू का पऱ्हाटी उपटू?'

इथे माझी पंचाईत आहे आणि ती मी फक्त या वहीत लिहू शकतो. वेचण्या संपल्या तरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, न उपटता तिला विहिरीचं पाणी देत राहायचं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी एखाद-दोन वेचण्या काढायच्या, याला आमच्याकडे फरदड म्हणतात. आमच्या विहिरीला पाणी आहे. आणि मी मनात पक्कं केलं आहे की यंदाच्या फरदडीवर 'तिसरी वेचणी'ची दुसरी आवृत्ती काढायची. एवढे वाचक दारात उभे असताना नाही काढायची तर कधी? खामगावच्या प्रेसवाल्याशी बोलणंही झालं.

बेबीचं उलट. ती आठवडाभर एकच धरून बसली आहे, आज जेवतानाही तेच. "पाव्हनी अळी हाय ते. आपनच तिले मार्चपर्यंत बसवून जेवू घालतो अन् मंग म्हनतो, जात काऊन नाही. पऱ्हाटी उपटा. वावर मोकळं करा. नाही तं पुढच्या सालीही कवडीच येचाची हाय." मी म्हटलं, बघू. सातबारा माझ्या नावावर आहे. हे शेवटचं मी मनात म्हटलं.

३ डिसेंबर

दोन दिवस अस्वस्थतेत गेले. नूरजहांला उत्तर तर द्यायला हवं. 'ठेवा फरदड' असं लिहून पाहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. सुभद्राबाई असं बोलूच शकत नाही. ती खोटं बोलत नाही, तिचा स्वभावच नाही तो. शेवटी डोळे मिटले आणि तिच्या तोंडून जे आलं ते लिहिलं, 'पाव्हनी अळी हाय ते. आपनच तिले मार्चपर्यंत बसवून जेवू घालतो अन् मंग म्हनतो, जात काऊन नाही. उपटा पऱ्हाटी.'

लेखक एक ठरवतो आणि पात्र दुसरंच बोलतं, हे मी ऐकून होतो. आज अनुभवलं. आमची पऱ्हाटी हा वेगळा विषय आहे. साहित्य वेगळं, शेती वेगळी.

८ डिसेंबर

चारशेवर लोकांनी ती पोस्ट पुढे पाठवली. नूरजहांने उपटलेल्या वावराचा फोटो टाकला, मोकळ्या रानात शेळ्या उरलीसुरली बोंडं खात आहेत. एकजण लिहितो, 'शेजारी उपटत नाही, मी एकट्याने उपटून काय फायदा?' मी बेबीला सहज विचारलं, तुला काय वाटतं?

"हाव, बरोबर हाय त्याचं," ती म्हणाली. "धुऱ्याले काय दार असते? माह्या वावरातलं पाखरू उकंडरावच्या वावरात जाताना इचारून जाते काय? साऱ्यायनं संगच उपटलं पायजे."

पोस्ट टाकली. दुपारपर्यंत उकंडरावाचा लाईक.

१२ डिसेंबर

अनर्थ. उकंडरावाने पऱ्हाटी उपटली. सगळी. ज्या माणसाने जन्मात कोणाचं ऐकलं नाही, त्याने! आणि धुऱ्यावर येऊन मला म्हणतो, "मास्तर, तुमची काऊन उभी हाय? सुभद्राबाई म्हनते, साऱ्यायनं संगच उपटलं पायजे. तुमी वाचत नाही काय?"

बशीरभाईंना माझी बाजू समजावायला गेलो. ते स्क्रू फिरवत म्हणाले, "मास्तर, बाई तुमारी, पोस्ट तुमारी, अन् अळी बी तुमारीच पाळेल? लोगां पूछेंगे तो क्या बोलोगे?"

घरी आलो. बेबीने पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा कोठ्यातून काढून, पुसून, ओसरीवर माझ्या खुर्चीशेजारी उभा करून ठेवला होता.

१४ डिसेंबर

उपटली. प्रेसवाल्याला फोन करून सांगितलं की दुसरी आवृत्ती तूर्त राहू द्या. लेखकाने आपल्या पात्राला तोंडघशी पाडू नये, हे माझं तत्त्व आहे आणि तत्त्वासाठी किंमत मोजावी लागते.

पहिल्या दोन ओळी मी स्वतः उपटल्या. मग हाताला फोड आले. बेबी आणि दोन बाया संध्याकाळपर्यंत करत होत्या. बेबी दिवसभर गाणं गुणगुणत होती. किती वर्षांनी ऐकलं. तिला एवढं काय झालं ते कळलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

२ फेब्रुवारी २०१८

स्पर्धेचा निकाल आला. पहिला नंबर दुसऱ्या कुणाला गेला, तो जाणारच होता. आपल्या प्रवेशिकेवर शेरा: 'पान जिवंत आहे, परंतु सदर पात्र कोणत्या साहित्यकृतीतील आहे याचा बोध होत नाही. पात्र काल्पनिक असावे ही अट होती. ही महिला खरी असल्याचे परीक्षकांना वाटते.' म्हणजे बाई फार चांगली उतरली म्हणून बाद! बेबीला सांगितलं. ती गव्हाला पाणी द्यायला निघाली होती. म्हणाली, "परीक्षक बरे हायेत की."

मला वाटतं तिला शेऱ्याचा अर्थ नीट लागला नाही.

१ जून

सकाळपासून मोबाइल थांबत नाही. फेसबुकने सगळ्यांना कळवलं की आज सुभद्राबाईंचा वाढदिवस. साडेसहाशे शुभेच्छा! केकची चित्रं, पेढ्यांची चित्रं. उकंडरावाने फुलांचा गुच्छ टाकला आणि खाली 'वयनी' लिहिलं. माझाही आजच वाढदिवस, मला अकरा आल्या. बशीरभाईंना तीन. तरी मी दिलदारपणे सगळ्या बेबीला वाचून दाखवत होतो. ती सरकीची पाकिटं बाजूला काढत होती. प्रत्येक पाकिटात साध्या, बिनबीटीच्या बियाण्याची एक लहान पुडी येते. सगळे ती फेकून देतात. बेबी त्या पुड्या वेगळ्या ठेवते आणि वावराच्या चारी कडांना लावते, अळीला तिचं वेगळं ताट मांडून ठेवायचं म्हणून. ऐकता ऐकता मध्येच तिने विचारलं, "माहा कधी असते?"

"काय?"

"वाढदिवस."

मी उठून कपाटातलं तिचं आधार कार्ड पाहिलं. त्यावर एक जानेवारी आहे. आमची पिढी गुरुजींनी एक जूनला जन्माला घातली आणि आमच्या बायका आधारवाल्याने एक जानेवारीला.

"थे त्या पोरानं टाकली," बेबी म्हणाली. "माही माय सांगे, पहिल्या येचनीच्या दिशी झाली म्हने. दहीभात कालवता कालवता कळा लागल्या, धुऱ्यावरच झाली."

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी असते त्या दिवशी वावरात दहीभात नेतात. त्याला सीतादही म्हणतात. पूजाअर्चा आम्ही कधीच सोडली, पण बेबीने दहीभात सोडला नाही, वेचणाऱ्या बायांना त्या दिवशी पोटभर घालते. सदतीस वर्षं मी तो खातो आहे. त्या दिवशी तिचा वाढदिवस असतो हे तिने मला आज सांगितलं. म्हणजे मी आज विचारलं. खरं तर मी विचारलंही नाही, तिनेच विचारलं.

२३ सप्टेंबर

पाऊस यंदा दगा देऊन गेला, कापूस गुडघ्याच्या वर सरकेना. पण डोमकळी औषधाला सापडत नाही.

आज नूरजहां रोहिणखेडहून आली. सुभद्राबाई हे माझं पात्र आहे असं तिला मेसेजमध्ये सांगून मी कादंबरीची एक प्रत पोस्टाने पाठवली होती, त्यावर लेखकाची सही हवी म्हणून. मी कोट घातला, पेनात शाई भरली. बाई चाळिशीची, चटपटीत. पिशवीतून आधी चार हिरवी बोंडं काढून टेबलावर ठेवली आणि मग पुस्तक. पुस्तकात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. एकोणीस-वीस वर्षांत माझ्या पुस्तकात कोणीतरी पेन्सिल चालवली! मला भरून आलं. तिने एक खूण केलेली ओळ मोठ्याने वाचली: 'कापूस पांढरा आहे हे पाहणाऱ्याला वाटतं. वेचणाऱ्याच्या बोटांना विचारा.'

"मास्तरसाब, हे तुमाले कसं सुचलं?"

मी लेखनप्रक्रियेवर बोलायला लागलो. तेवढ्यात बेबी डोक्यावर शेळ्यांचा चारा घेऊन आली. चारा टाकला, हात पुसले, टेबलावरचं बोंड उचललं, अंगठ्याच्या नखाने उकललं. आत पांढरं, स्वच्छ. "यंदा पाव्हनी आली नाही वाटते," ती म्हणाली. "पन दार उघडं ठेवू नोका. आली तं आपल्याच घरात येते ते."

नूरजहां उभी राहिली. बेबीकडे नुसती पाहत राहिली. मग माझ्या हाताखालून पुस्तक ओढून तिच्यापुढे धरलं.

"भाभी, सही तुमी करा."

"मी कायले? पुस्तक त्यायचं हाय."

"पुस्तक त्यायचं असन," नूरजहां म्हणाली. "बोलनं तं तुमचं हाय."

बेबीने माझ्याकडे पाहिलं. मी पेनाला टोपण लावलं. तिने सही केली नाही, दोघींनी चहा घेतला आणि वावर पाहायला गेल्या. मी कोट घालून बसून राहिलो.

२४ सप्टेंबर

मी दुखावलो आहे. रक्त आटवून पात्र निर्माण करायचं आणि रोहिणखेडच्या एका बाईने पाच मिनिटांत निकाल द्यायचा! माझ्याकडे पुरावा आहे. कादंबरी लिहीत होतो त्या वर्षांच्या डायऱ्या पेटीत आहेत. सुभद्रा कशी सुचत गेली ते त्यांत दिवसवार सापडेल. उद्या काढतो आणि नूरजहांला फोटो पाठवतो.

२५ सप्टेंबर

काढल्या. सकाळी बसलो तो दुपारी उठलो.

९ नोव्हेंबर १९९६: 'शनिवार म्हणून बीबीहून घरी आलो. बेबी म्हणाली, कापूस पांढरा हाय हे पाहनाऱ्याले वाटते, येचनाऱ्याच्या बोटाले इचारा. चांगलं वाक्य. वापरता येईल.'

१८ जानेवारी १९९७: 'बेबी म्हणाली, तुमी आठ दिवसाने येता अन् वावर कसं हाय इचारता, मी कशी हाय थे नाही इचारत. (सुभद्रा हे नवऱ्याला पत्रात लिहील.)'

बेबी म्हणाली. बेबी म्हणाली. सत्तेचाळीसपर्यंत मोजलं, मग मोजायचं सोडलं. सुरतेचा नवराही सापडला. तो पोस्टात होता आणि शनिवारी घरी यायचा.

मग ही वही उघडली. १६ नोव्हेंबर वाचलं आणि १७ नोव्हेंबर वाचलं. 'एकाएकी स्फुरलं' असं मी लिहिलं आहे. माझ्याच अक्षरात आहे. दुसऱ्या कोणावर ढकलताही येत नाही.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही. आयुष्यभर लोकांची पत्रं ज्याची त्याला पोचवली, एकही गहाळ केलं नाही, याचा मला अभिमान होता. घरातल्या घरात एका बाईचं सगळं टपाल मी माझ्या नावावर घेत होतो.

बेबीला काही सांगितलं नाही. हिंमत झाली नाही.

१४ ऑक्टोबर

आज पहिली वेचणी. सकाळी बेबीने विचारलं, "येता काय?" मी चपला घातल्या. ती दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा वळून पाहू लागली, खरंच येतोय की काय म्हणून.

दहीभात मी डोक्यावर नेला. जाण्याआधी सुभद्राबाईंच्या पानावरून घागरवाली काढली, नाव बदललं, तारीख बदलली आणि लिहिलं: 'माझा वाढदिवस एक जूनला नसतो, पहिल्या वेचणीला असतो, म्हणजे आज. सुभद्राबाई हे नाव माझ्या नवऱ्याने, जानराव मास्तरांनी ठेवलेलं. माझं खरं नाव बेबीताई. आजवर इथे वाचलं ते सगळं मीच बोलले, मास्तरांनी फक्त लिहून घेतलं.' वावरात पोचेपर्यंत शंभरावर शुभेच्छा. नूरजहांने लिहिलं, 'मले ठाऊकच होतं.' उकंडरावाने आधी तीन प्रश्नचिन्हं टाकली, नंतर 'वयनी तुमी??', आणि शेवटी स्वतःच धुऱ्यावर येऊन लांबूनच हात जोडले. बेबी म्हणाली, "या, दहीभात खा. अन् पुढच्या टायमाले तोंडानं सांगतलं तरी आयकत जा."

फोटोसाठी हसायला ती तयार होईना. ओटी बांधलेली, कपाळाला आठी, हातात बोंड, तसाच लावला. चांगला आहे.

जेवणानंतर बाया वेचायला लागल्या तेव्हा मी धुऱ्यावर तिच्याजवळ बसलो आणि जुन्या डायऱ्यांचं सगळं सांगितलं. ही वही पिशवीतून आणली होती, तीही वाचून दाखवली, सातबाऱ्यासकट, तिचं बोलणं सुभद्रेसारखं होऊ लागल्याचंही. ती मधे मधे हसली. १४ डिसेंबरला तिने मान खाली घातली. वाटलं, आता काही ऐकवेल. ऐकून घेण्याची माझी तयारी होती.

"सारीकडे 'बेबी म्हनाली', 'बेबी म्हनाली' लिवेल हाय," ती म्हणाली. "तुमी मले काय म्हनलं, थे कुठी हाय?"

मी पानं उलटली. 'मी म्हटलं, योगायोग.' 'मी म्हटलं, बघू.' 'मी म्हणतो, उद्या.' त्याच्या पुढे काही सापडलं नाही.

ती उठली, ओटी नीट केली आणि मला वेचायला एक ओळ धरून दिली. अर्ध्या ओळीतच माझी बोटं बोंडांच्या काट्यांनी रक्ताळली. कापसाला लाल ठिपके लागले. ती बघून म्हणाली, "आता कळलं काय?"

घरी येऊन लगेच लिहायला बसलो आहे, दिवस अजून मावळायचा आहे. बेबी म्हणाली, यंदाही डिसेंबरातच पऱ्हाटी उपटाची. बेबी म्हणाली, सातबाऱ्यावर माहं नाव लावा. बेबी म्हणाली, उद्याही वावरात या.

मी म्हणालो, हाव.